मिलर-सान, हिंगोली डेक्कनला उतरा!

पुण्यात डेक्कन आहे, हे तुम्हाला माहीत आहे. गुडलकचा बन-मस्का, संध्याकाळचं ट्रॅफिक, झेड ब्रिजवरच्या जोड्या वगैरे वगैरे. पण आणखी एक डेक्कन आहे. तिथे ट्रॅफिक नाही, बन-मस्का तर नाहीच. एक लांबलचक प्लॅटफॉर्म, चार बाकडी आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं नाव : हिंगोली डेक्कन.

मी तिथलीच. हैदराबाद डेक्कनच्या चालीवरचं हे नाव. १९४८ पर्यंत अख्खा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्याची ही एवढीशी खूण. पुण्यात पहिल्यांदा आले तेव्हा रूममेटनं विचारलं, ‘हिंगोली म्हणजे विदर्भ ना?’ नाही हो, मराठवाडा! पण तिचाही दोष नाही. आमचा जिल्हाच मुळी १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. वयानं तो माझ्या ऑफिसातल्या बऱ्याच लोकांपेक्षा लहान आहे.

तर या मार्चमध्ये एक लाँग वीकएंड मिळाला आणि मी रात्रीच्या बसनं निघाले. बॅगेत दोन प्रकारची पुस्तकं होती. एक माझ्यासाठी : नील गेमनचं ‘नेव्हरव्हेअर’, कितव्यांदा तरी. दुसरी धाकटीसाठी : जपानी भाषेची पाठ्यपुस्तकं, माझीच जुनी, समासात पेन्सिलीनं खरडलेली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं हिंजवडीत बस पकडताना तरी वाटलं नव्हतं.

आधी माझ्या व्यसनाबद्दल. मी अर्बन फँटसी वाचते. म्हणजे ड्रॅगन, किल्ले, लांब दाढीवाले जादूगार असं काही नाही. शहर आपलंच, लोकल-बस आपलीच, घरभाडं आपलंच, आणि त्याच्या सांदीकोपऱ्यातून काहीतरी वेगळं डोकावतंय अशी पुस्तकं. ‘नेव्हरव्हेअर’ १९९६ चं. त्यातला रिचर्ड स्कॉटलंडमधून लंडनला नोकरीसाठी आलेला साधा ऑफिसकर. एका रात्री फुटपाथवर जखमी पडलेल्या मुलीला तो मदत करतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी ओळखेनासंच होतं. एटीएम कार्ड चालत नाही. ऑफिसात टेबल उचलून नेलेलं. तो बाथटबमध्ये असताना एजंट त्याचा फ्लॅट दुसऱ्याला दाखवतोय! मग तो लंडनच्या खालच्या लंडनमध्ये जातो. तिथे भुयारी रेल्वेच्या स्टेशनांची नावं अक्षरशः खरी असतात. अर्ल्स कोर्टला खरोखर अर्लचा दरबार भरतो, एंजल स्टेशनच्या नावामागे खराखुरा देवदूत आहे.

तुम्ही गावाकडून पुण्या-मुंबईत आला असाल तर हे पुस्तक तुम्हाला भुताचं वाटणार नाही. पहिल्या सहा महिन्यांची डायरी वाटेल.

माझी ठाम मतं आहेत, ती इथेच सांगून टाकते. रक्त पिणाऱ्या देखण्या बॉयफ्रेंडची पुस्तकं मी यात धरत नाही. ती प्रेमकथा आहेत. शहर काढून टाकलं तरी काही बिघडत नाही. जिम बुचरच्या मालिकेतला जादूगार शिकागोच्या फोनबुकात जाहिरात देतो आणि त्याला ऑफिसच्या भाड्याची चिंता असते, ते मला आवडतं. पण सगळ्यात वरचा नंबर बेन आरोनोविचच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’चा, २०११ चा. लंडनचा एक शिकाऊ पोलीस चक्क भुताची साक्ष नोंदवून घेतो, आणि मग त्याची गाठ नद्यांशी पडते. नद्या म्हणजे बायका! थेम्स ही मुळात नायजेरियातून नर्स व्हायला लंडनला आलेली मुलगी, आता थोरली देवी होऊन बसलेली. तिच्या मुली म्हणजे फ्लीट, टायबर्न वगैरे, शहरानं रस्त्याखाली गाडून टाकलेल्या नद्या. मियाझाकीच्या ‘स्पिरिटेड अवे’मध्येही हेच आहे, आठवतंय? २००१ चा सिनेमा. त्यातला हाकू हा एका नदीचा आत्मा असतो, आणि ती नदी बुजवून वर अपार्टमेंट बांधलेली असतात.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही हं. नारायण धारपांचा ‘समर्थ’ आणि मतकरींच्या गूढकथा मी शाळेत असताना जिल्हा ग्रंथालयाच्या कपाटातून पळवून वाचल्यात. त्यांतली माणसं नोकरदार, घरं मध्यमवर्गीय, आणि भय नेमकं जिन्याखाली. फक्त ‘अर्बन फँटसी’ असं लेबल कोणी लावलं नव्हतं.

पण यातलं ‘अर्बन’ मला कायम टोचत आलंय. लंडन, शिकागो, फार तर पुणं. हिंगोलीचा नंबर कधी लागणार? आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव कयाधू. कयाधू म्हणजे हिरण्यकश्यपूची बायको, प्रल्हादाची आई. राक्षसाची राणी आणि भक्ताची माय, एकाच बाईत! आरोनोविचला ही नदी मिळाली असती तर त्यानं तिच्यावरच तीन पुस्तकं काढली असती. आम्ही मात्र उन्हाळ्यात तिच्या कोरड्या पात्राकडे बघून ‘औंदा पाणी नाही’ एवढंच म्हणतो.

बस पहाटे पोचली. मार्च म्हणजे आमच्याकडे हळदीचा हंगाम. शेतात हळद शिजते, वाळते, पॉलिश होते, आणि मग मार्केट यार्डात ढीगच्या ढीग. गावात शिरतानाच तो मातकट, गरम वास नाकात जातो. कुठल्याही एअर फ्रेशनरवाल्यानं अजून बाटलीत भरलेला नाही, हे नशीब.

काकूनं दार उघडलं. ‘आलीस? च्या ठेवते.’ धाकटी कुठंय? ‘स्टेशनवर.’ इतक्या पहाटे? ‘मग! अभ्यास करायली ना तिथं. घरात कुठं जमायलंय.’

धाकटी म्हणजे माझी चुलतबहीण. नर्सिंगचा कोर्स केलाय, एका छोट्या दवाखान्यात नाइट ड्युटी करते. ड्युटी संपली की थेट स्टेशन. या मार्गावर गाड्या मोजक्याच, त्यामुळे दोन गाड्यांच्या मध्ये प्लॅटफॉर्म म्हणजे मोफत स्टडीरूम. २००८ पर्यंत इथे छोटी मीटरगेज गाडी यायची. आता ब्रॉडगेज आहे, पण शांतता जुनीच.

तिला जपानला जायचंय. वृद्धांची काळजी घेण्याच्या कामासाठी. २०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपानमध्ये करार झाला, आणि कुशल कामगारांच्या खास व्हिसासाठी आपल्या मुलामुलींना रस्ता उघडला. अट अशी की जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी, किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा, पास हवी. वर कामाची परीक्षा आणि त्या कामापुरत्या जपानीची आणखी एक. एन-४ ला १८० पैकी ९० लागतात.

डिसेंबरच्या परीक्षेत धाकटीला ८४ मिळाले.

सहा मार्क! आणि तिला शिकवत कोण होतं? मी. शनिवार-रविवार व्हिडिओ कॉलवर. मी एका जपानी क्लायंटची स्पेसिफिकेशन्स वाचून टीमला समजावते, त्यावर माझं घर चालतं. ऑनलाइन क्लास तिनं लावला होता, तिथलं कळलं नाही की ती मला विचारायची. मी माझ्या पद्धतीनं सांगायचे, म्हणजे मी जशी शिकले तशी : पुस्तकातलं इंग्लिश स्पष्टीकरण वाचून. ती गोंधळली की मी पुन्हा वाचायचे, थोड्या मोठ्या आवाजात. जानेवारीत निकाल लागला, त्या रात्री मी एक वाक्य बोलले. ‘आधी इंग्लिश पक्कं कर, मग जपानीचं बघू.’

त्यानंतर दोन महिने तिचा फोन नाही. काकूकडून कळलं की जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरणार नाही म्हणते. म्हणून खरं तर मी आले होते. लाँग वीकएंड वगैरे तुम्हाला सांगायचं कारण.

ती बाकड्यावर बसली होती, पायाशी डबा, मांडीवर ‘मिन्ना नो निहोंगो’. मला बघून हसली, पण अर्धंच.

आता या ‘मिन्ना’बद्दल थोडं. पुण्यात जपानी शिकलेल्या प्रत्येकाच्या घरात हे पुस्तक असतंच. पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २०१२ ची. मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत. शब्दार्थ आणि व्याकरणाची वेगळी चोपडी, ती आपल्याकडे सगळे इंग्लिशमधली घेतात. त्याचा हीरो माइक मिलर, अमेरिकन, कंपनीत नोकरीला. जपानी उच्चारात ‘मिराऽ-सान’. ब्राझीलचे सान्तोस पती-पत्नी आहेत, इंडोनेशियाची कारिना आहे, जर्मन श्मिट आहे, आणि आपला एक गुप्तासुद्धा आहे, बिचाऱ्याला रोल लहान.

बसमध्ये ‘नेव्हरव्हेअर’ आणि बाकड्यावर ‘मिन्ना’, असं लागोपाठ हातात आलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. अहो, हे तर एकच पुस्तक आहे! परका माणूस एका शहरात येतो. त्या शहराचे अदृश्य नियम आहेत. नेमक्या वेळी नेमके शब्द उच्चारले तर दारं उघडतात, चुकले तर सगळे गप्प होतात. रिचर्डला देवदूत भेटतो, मिलरला यामादा-सान भेटतात. फरक इतकाच की रिचर्डच्या अंगाला चिखल लागतो. मिलरला कधीच नाही. तो कायम चहाला बोलावला जातो. भेटवस्तू देतो, घेतो. सुट्टीत फिरतो. त्याचं भाडं थकत नाही, बॉस ओरडत नाही, आईची आठवण काढून तो बाथरूममध्ये रडत नाही. अशी टोकियो-ओसाका कुठे असेल तर मलाही पत्ता द्या. माझ्या मते एकोणीसशे नव्वदच्या दशकातली सर्वांत स्वच्छ, सर्वांत अद्भुत अर्बन फँटसी म्हणजे ‘मिन्ना नो निहोंगो’!

मी हे धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मिलरला कुणाचं डायपर बदलावं लागत नाही, ताई.’

बरोबर आहे. ती जिथे जाईल तिथे म्हाताऱ्या माणसांचं जपानी असेल, गावाकडचं, दात नसलेलं, दुखण्याचं. बिझनेस ट्रिपचं नाही.

दुसरं पुस्तक मी आणलं होतं ‘गेंकी’, १९९९ पासूनचं. कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं. मेरी नावाची एक्स्चेंज स्टुडंट, ताकेशी नावाचा मुलगा, आणि दोघांचं हळूहळू जमत जाणारं. वाचायला मिलरपेक्षा शंभरपट मजा, कारण निदान गोष्ट तरी पुढे सरकते. पण प्रत्येक धड्यात पानंच्या पानं इंग्लिश. धाकटीनं ते चाळलं, मिटलं आणि सौजन्यानं परत दिलं. मी काहीही बोलले नाही. (प्रगती!)

दुपारी ती झोपली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी, म्हणून आम्ही एसटीनं औंढ्याला गेलो. हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटर. औंढा नागनाथ, आठवं ज्योतिर्लिंग. गुजरातवाले त्यांच्या नागेश्वरालाच खरं म्हणतात. त्या वादात इथे कोणी पडत नाही, रांग लावतात. हेमाडपंती देऊळ, बाहेरच्या भिंतीभर कोरीव काम. वरचा भाग अहिल्याबाई होळकरांच्या काळात पुन्हा बांधलेला, जोड नीट दिसतो. लिंग मात्र खाली, जमिनीच्या पोटात. अरुंद पायऱ्या, अंग चोरून उतरायचं, खाली ताठ उभंही राहता येत नाही. दमट, अंधारं, गर्दीचं. क्लॉस्ट्रोफोबिया असेल तर विचार करा.

इथली गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला पिटाळलं. नामदेव मागे जाऊन गायला लागले, तर देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. खात्री करायची तर मागे जा. नंदी तिकडे आहे. सगळ्या शिवमंदिरांत समोर असणारा नंदी इथे मागच्या बाजूला!

लहानपणी मला ही भक्तीची गोष्ट म्हणून सांगितली होती. आता मी ती गेमनच्या डोळ्यांनी बघत होते. अख्खी इमारत वळते, आणि पुरावा म्हणून नंदी मागे राहतो. हे असं एक तपशील मागे सोडणं उत्तम फँटसी लेखकाला जमतं. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसीही याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठावर. शिंप्याचा हा मुलगा मराठी बोलणारा, आणि त्याची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात, गुरुमुखी लिपीत. नरसीला पंजाबातून शीख भाविक येतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

देवळाबाहेर हॉटेलात भजी मागवली. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. माझी पुणेरी जीभ आता मऊ झालीय, मी बाजूला सारला. धाकटी म्हणाली, ‘अगं, खाऊन तर बघ!’

आणि मग स्वतःशीच हळूच, ‘ताबेते मिते.’

मी विचारलं, काय म्हणालीस? तिनं जीभ चावली. ‘काही नाही.’ मी सोडलं नाही. मग तिनं पर्समधून एक वही काढली, दवाखान्यातल्या औषध कंपनीची फुकट मिळालेली. ‘रागावू नको. तुला चालत नाही म्हणून दाखवली नव्हती.’

पानामागून पान. निळ्या पेनानं जपानी, लाल पेनानं मराठी. इंग्लिशचा एक शब्द नाही.

‘ताबेते मिरु’, खाऊन बघणे. ‘मिरु’ म्हणजेच मुळात बघणे! ‘काइते ओकु’, लिहून ठेवणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे! ‘मोत्ते कुरु’, घेऊन येणे. ‘वासुरेते शिमाउ’, विसरून जाणे, आणि पुढे तिची टीप : आपण ‘विसरून बसले’ म्हणतो तसं, चुकचुकून.

तुम्हाला सांगते, मी थंड पडले. हीच क्रियापदं मी तिला तीन रविवार शिकवत होते. इंग्लिश चोपडीत एकासाठी ‘प्रयत्न करून पाहण्याचा अर्थ’, दुसऱ्यासाठी ‘पुढच्या उपयोगासाठी आधीच करण्याचा अर्थ’, तिसऱ्यासाठी ‘क्रियेची पूर्तता अथवा खेद’, असा प्रत्येकाचा वेगळा नियम, कारण इंग्लिशमध्ये अशी रचनाच नाही. त्यांना बिचाऱ्यांना समजावून सांगावंच लागतं. मराठी माणसाला त्यात काय समजवायचं? ‘लिहून ठेव’ म्हणजे काय, हे कयाधूकाठच्या चार वर्षांच्या पोरालाही कळतं. मी जपानीपासून मराठीपर्यंत जायला लंडनवरून फ्लाइट बुक करत होते.

आणि वहीत एवढंच नव्हतं. प्रश्नाच्या शेवटी जपानीत ‘का’ येतो. तिनं समोर लिहिलं होतं : आपल्याकडे पण ‘का’! ‘ताई नो होन’, ताईचं पुस्तक. ‘हिंगोली कारा पुणे मादे’, हिंगोलीपासून पुण्यापर्यंत. आपलेही प्रत्यय शब्दाच्या मागेच लागतात. क्रियापद दोघांचंही शेवटी. अक्षरांच्या तक्त्यावर तिनं बाण काढले होते : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही मांडणी आपल्या बाराखडीच्या ओळखीची वाटते ती उगाच नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानला गेला, त्यावरूनच त्यांचा तक्ता बसवला गेला. ‘हा’ची ओळ आपल्या ‘प’वर्गाच्या जागी बसलीय, कारण फार पूर्वी त्यांचा ‘ह’ हा ‘प’ होता. हे मला माहीत होतं. पुण्यात एका लेक्चरला ऐकलेलं. धाकटीला ते सांगावं, असं मात्र कधी सुचलं नाही.

आणि गंमत बघा, एका पानावर ‘शितेइरु’ला तिनं ‘करत आहे’ लिहून खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं ‘करायलीय’. खाली : बोलताना ‘शितेरु’ होतं. एक अक्षर खातात. आपण पण खातो. सहा मार्कांपैकी निम्मे याच गिळलेल्या अक्षरांनी ऐकण्याच्या पेपरात खाल्ले असणार.

सगळंच इतकं सोपं नाही, हेही खरं. ‘वा’ आणि ‘गा’ यांच्यातला फरक मराठी काय, ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. कोणी कोणाला दिलं यासाठी त्यांची वेगवेगळी क्रियापदं, तिथे आपला ‘देणे’ तोकडा पडतो. आणि कांजी! एन-४ साठी दोन-तीनशे चित्राक्षरं, तिथे बाराखडी हात टेकते. ‘स्पिरिटेड अवे’मधली चेटकीण चिहिरोचं नाव चोरते, तिच्या नावातलं एकच अक्षर शिल्लक ठेवते आणि तिला ‘सेन’ म्हणायला लागते. ते अक्षर तेच, ‘हजार’चं. नावात त्याचा उच्चार ‘चि’, एकटं असलं की ‘सेन’. मी धाकटीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे नाव चोरलंच नाही, नुसतं दुसऱ्या पद्धतीनं वाचलं!’ दहा वर्षं मी हा सिनेमा बघतेय. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

भजी थंड झाली. मी सॉरी म्हणाले. आमच्या घरात बहिणी एकमेकींना सॉरी म्हणत नाहीत, त्यामुळे तिनं ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याचंच, असं मी तिला सांगितलं.

परतीच्या एसटीत शेजारच्या काकांनी खिडकीतून हात केला. ‘तिकडं दुधाळ्याला ते लिगो व्हायलंय.’ लायगो-इंडिया! विश्वात दूर कुठे दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशच किंचित हलतं, ते टिपणारी प्रयोगशाळा. एल आकारात ४-४ किलोमीटरचे दोन बाहू, त्यांत लेझर, टोकाला आरसे. आरसा प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतका हलला तरी कळलं पाहिजे. म्हणून शांत जमीन हवी, आणि देशभर शोधून ती औंढ्याजवळ सापडली. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. आणि गंमत म्हणजे याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडचे लोक गेली कित्येक वर्षं सांगतायत की जमिनीखालून गूढ आवाज येतात. २०२४ मध्ये तर मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्केही बसले. पोटात लिंग असलेलं फिरणारं देऊळ, जमिनीखालचे आवाज, आणि वर आकाशाचे हादरे ऐकणारं यंत्र. कोण म्हणतं हिंगोली ‘अर्बन’ नाही?

धाकटीला मी सांगितलं की जपानमध्येही असं यंत्र आहे. गिफू प्रांतात, कामिओकाच्या खाणीत, डोंगराच्या पोटात. त्याचे बाहू ३ किलोमीटरचे, आरसे नीलमण्याचे, आणि ते उणे अडीचशे अंशांच्याही खाली थंड करतात. नाव ‘काग्रा’. त्या नावात ‘कागुरा’चा ध्वनी मुद्दाम ठेवलाय. कागुरा म्हणजे देवांसमोर करायचं नाच-गाणं.

तिनं वही उघडली, लिहून घेतलं. मराठीच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसली. मग लिहिलं : गोंधळ. खाली प्रश्नचिन्ह.

मी काही दुरुस्त केलं नाही.

रविवारी रात्री माझी बस. काकूनं हळदीची पुडी, भाकऱ्या, ठेच्याची बरणी असं सगळं बांधून दिलं. जुलैचा फॉर्म भरणार का, हे मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. धाकटी नाइट ड्युटीला निघाली होती, तिलाही उशीर झालेला. दोघी एकदमच उंबऱ्यात. घाईत माझ्या तोंडून निघालं, ‘चला, जाते.’

आजी आतून ओरडली, ‘जाते नको म्हणू गं! येते म्हण!’

धाकटी चपला घालता घालता थांबली. ‘ताई, इत्तेकिमासु!’ म्हणाली. चोपडीत याचं भाषांतर नुसतं ‘मी निघालो’ असं काहीतरी आहे. ‘इत्ते’ म्हणजे जाऊन. ‘किमासु’ म्हणजे येते. जपानात घराबाहेर पडताना रोज, प्रत्येक जण हेच म्हणतो. आणि घरात राहणाऱ्यानं म्हणायचं, ‘इत्तेराश्शाय’. जाऊन ये.

‘आजी, मी जाऊन येते,’ तिनं आत बघून मोठ्यानं सांगितलं.

‘ये बाई,’ आजी म्हणाली, ‘पण जायलीस कुठं?’

‘आत्ता दवाखान्यात,’ धाकटी म्हणाली आणि स्कूटीला किक मारली.